कीमो डे केअर, दुसऱ्यांदा: पुण्यातल्या एका ट्रस्ट हॉस्पिटलचा रिव्ह्यू

पाचपैकी चार स्टार देतेय. एक कुठे कापला ते पुढे येईलच.

हॉस्पिटलचं नाव लिहीत नाहीये कारण माझी ट्रीटमेंट अजून तिथेच चालू आहे आणि बिलिंगवाल्यांशी मला गोड बोलूनच राहावं लागतं. पुण्यातलं जुनं ट्रस्टचं हॉस्पिटल, एवढं पुरे. माझी केस थोडक्यात सांगायची तर ओव्हरीचा कॅन्सर, २०१५ ला ऑपरेशन आणि कीमो झाली, मग नऊएक वर्षं सगळं क्लीन, ठरावीक वेळी सीए-१२५ ही ह्या कॅन्सरवर नजर ठेवायची रक्ताची टेस्ट करायची, आकडा ३५ ह्या नॉर्मलच्या हद्दीच्या खूप खाली, शेवटी शेवटी तर रिपोर्ट आणायला हे एकटेच जायचे आणि येताना चितळ्यांकडून बाकरवडी घेऊन यायचे. २०२४ ला आकडा वर सरकायला लागला, पोट गच्च वाटायला लागलं, पेट स्कॅन केला तर पोटात दोनतीन ठिकाणी दिसलं. म्हणजे आता मी नापास होऊन त्याच वर्गात बसलेल्या पोरासारखी, धडे सगळे पाठ, फक्त मास्तर नवीन.

हे लिहायचं कारण असं की डे केअरचे, म्हणजे कीमो देऊन त्याच दिवशी घरी सोडतात त्या विभागाचे, रिव्ह्यू बघितले तर सगळे पहिलटकरणींचे. स्टाफ छान, स्वच्छता छान, डॉक्टर देवमाणूस. खोटं नाहीये ते, पण दुसऱ्यांदा येणाऱ्या बाईला काय लागतं ते वेगळं असतं आणि ते कुणी लिहीत नाही.

आधी डॉक्टरांबद्दल. त्यांनी पहिल्याच भेटीत सरळ सांगितलं की ताई, आता मुळापासून जाईल असं मी म्हणणार नाही, पण दाबून ठेवता येईल आणि परत परत ठेवता येईल. हे ऐकून ह्यांचा चेहरा पडला पण मला खरं सांगू, बरं वाटलं, कारण त्याच्या आधी एका ठिकाणी सेकंड ओपिनियनला गेलो होतो तिथे "बिनधास्त राहा, मी आहे ना" असं ऐकून आले होते आणि घरी येऊन रात्रभर झोप नाही. इथे डॉक्टरांनी कागदावर रेघ मारून समजावलं. शेवटच्या प्लॅटिनमच्या (कार्बोप्लॅटिन हे त्याच गटातलं कीमोचं औषध, गेल्या वेळी मला तेच होतं) डोसनंतर सहा महिन्यांच्या आत आजार परत आला तर ते औषध फारसं चालत नाही असं धरतात, सहा महिन्यांच्या पुढे जितकी मोठी गॅप तितकी तेच औषध परत चालायची शक्यता जास्त. म्हणून कार्बोप्लॅटिन परत. जोडीचं औषध मात्र बदललं. गेल्या वेळी पॅक्लिटॅक्सेल होतं, त्याने तळपायाच्या मुंग्या अजून गेलेल्या नाहीत, अंधारात चप्पल पायात आहे का नाही ते मला कळत नाही, म्हणून ह्या वेळी लिपोसोमल डॉक्सोरुबिसिन. त्याच्या आधी हृदयाची टू-डी इको करून घेतली. तीनच्या ऐवजी चार आठवड्यांनी डोस. आणि केस! ह्यात केस बहुतेक राहतात, विरळ होतात एवढंच. त्यामुळे सोसायटीत कुणाला पटतच नाही की माझी कीमो चालू आहे, एक काकू तर म्हणाल्या आयुर्वेदिक घेताय का.

आता डे केअर. तिसऱ्या मजल्यावर, रिक्लायनर खुर्च्या आणि कोपऱ्यात थोडे बेड. बेड पाहिजे असेल तर साडेआठच्या आत पोचा, नंतर मिळत नाही. एसी इतका गार की शाल मस्ट. टीव्हीवर कायम न्यूज चॅनल, आणि रिमोट कुणाकडे असतो हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. सलाइनच्या स्टँडांपैकी निम्म्यांची चाकं अडकतात, आणि टॉयलेट एकच. बाटलीवर बाटली चालू असताना दर थोड्या वेळाने जावं लागतं, तेव्हा तो स्टँड एका हाताने ढकलत, दुसऱ्या हाताला सुई, बाहेर आधीच दोघी उभ्या. एवढं मोठं हॉस्पिटल, अजून एक टॉयलेट काढता येत नाही का हो?

पण जिथे ह्या हॉस्पिटलने मला जिंकलं ते सांगते, आणि हे दुसऱ्यांदा कार्बोप्लॅटिन घेणाऱ्या प्रत्येकीने नीट वाचा. हे औषध पहिल्या राउंडला बहुतेक जणींना चांगलं सोसतं, पण शरीर त्याला ओळखायला लागतं आणि एकूण सातव्या आठव्या डोसच्या आसपास ॲलर्जी यायची शक्यता वाढते, म्हणजे पहिल्या वेळचे सहा धरले तर परत सुरू केल्यावर साधारण दुसऱ्याच डोसला. मला हे माहीत नव्हतं. मोठ्या सिस्टरना माहीत होतं. केरळच्या आहेत, मराठी फर्स्टक्लास बोलतात. बाटली लावताना त्या म्हणाल्या, "ताई, तुम्हाला हे औषध जुनं आहे ना, म्हणून मी आज तुमच्यावर जास्त लक्ष ठेवणार. तळहाताला खाज आली की लगेच हाक मारा, लाजू नका." मी म्हटलं काय होतंय, आधी सगळे डोस घेतलेत की. अर्धी बाटली गेली असेल, उजवा तळहात खाजायला लागला, आपल्याकडे म्हणतात तसं पैसे येणार वाटावं असा. मग कान गरम, मग गळ्याखाली लाल चट्टे, छाती जड. मी "सिस्टर" म्हणेपर्यंत त्या आल्या, पहिल्यांदा औषध बंद केलं, मग बाकी सगळं, ऑक्सिजन, हायड्रोकॉर्टिसोन, ॲविल, बीपीचा पट्टा, डॉक्टर पळत वर. आवाज चढला नाही कुणाचा. शेजारच्या खुर्चीत बार्शीच्या एक मावशी होत्या त्यांना कळलंसुद्धा नाही काय चाललंय ते, त्या मला विचारतात, चहा सांगू का.

आता ॲलर्जी आली म्हणजे ते औषध गेलं का, तर नाही. पुढच्या वेळी मला ॲडमिट करून मॉनिटर लावून डिसेन्सिटायझेशनने दिलं. म्हणजे तेच औषध आधी अतिशय पातळ करून थेंब थेंब, मग टप्प्याटप्प्याने वेग वाढवत, तीन पिशव्या, बारा टप्पे, सहाएक तास. प्रत्येक टप्प्याला सिस्टर तोंडाकडे बघून विचारतात, खाज? घसा? श्वास? कंटाळा येतो, पण जातं औषध. दुसऱ्या राउंडसाठी हॉस्पिटल निवडताना सोफे बघू नका, हा प्रश्न विचारा: कार्बोप्लॅटिनची रिॲक्शन आली तर तुमच्याकडे डिसेन्सिटायझेशन करतात का, आणि त्या वेळी जवळ कोण असतं. मी फोन केलेल्या एका ठिकाणी रिसेप्शनवरच्या मुलीने हा शब्दच मला परत म्हणायला लावला.

दुसरी चांगली गोष्ट म्हणजे डाएटिशियन आणि सिस्टर घरातलं बोलतात. त्या लालसर डॉक्सोरुबिसिनने तळहात तळपाय लाल होतात, सोलतात, त्याला हँड-फूट सिंड्रोम म्हणतात. पुस्तिकेत लिहिलेलं असतं उष्णता, घासणं आणि दाब टाळा. बरं, टाळते, म्हणजे नक्की काय? सिस्टरांनी सांगितलं, डोसनंतर आठवडाभर भाकरी थापायची नाही. बास, डोक्यात प्रकाश पडला. गरम पीठ, थापणं, तवा, तिन्ही एकातच आले. कढत पाण्याची आंघोळ नाही, भांडी घासायची नाहीत (हे मी घरी दोनदा वाचून दाखवलं), घट्ट सँडल नाही, आणि गणपतीत आरतीला टाळ्या नाहीत, हात जोडून उभं राहायचं. नणंदबाईंना वाटलं मी रुसलेय. डोस चालू असताना हातापायांना गार पिशव्या धरायला देतात तेही चांगलं, फक्त त्या वेळेवर फ्रीजमध्ये ठेवलेल्या असतील तर. घरून टॉवेलात गुंडाळून नेल्या तर बरं.

उलटीचं आता खूप सुधारलंय, २०१५ च्या मानाने तर फारच. रात्री ओलान्झापिनची छोटी गोळी देतात, ती मुळात मानसिक आजाराची आहे त्यामुळे केमिस्टच्या पोऱ्याने माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघितलं, पण झोप मस्त लागते आणि मळमळ नाही. उलटीवरच्या दुसऱ्या औषधाने, ऑन्डॅन्सेट्रॉनने, मात्र पोट साफ होत नाही, त्याचं औषध पहिल्या दिवसापासूनच मागून घ्या, ते कुणी आपणहून देत नाही.

आता कापलेला स्टार. फार्मसी आणि इन्शुरन्स. सकाळी रक्त घेतात, रक्तपेशींचा काउंट आणि किडनीचं क्रिएटिनिन आल्याशिवाय डोस ठरत नाही, हे मान्य, ते बरोबरच आहे. पण रिपोर्ट साडेदहाला येतो आणि औषध वर येतं दीडला. मधले तीन तास काय होतं तर टीपीएची, म्हणजे इन्शुरन्स कंपनीच्या वतीने क्लेम बघणाऱ्या एजन्सीची, मंजुरी. दर सायकलला नवीन फॉर्म, तोच आजार, तीच पॉलिसी, तोच माणूस काउंटरवर, आणि तो दर वेळी विचारतो "पेशंटला हा त्रास कधीपासून?" डिसेन्सिटायझेशनच्या वेळी तर हाइट झाली. क्वेरी आली की कीमो डे केअरमध्ये होते तर ॲडमिशन कशाला. डॉक्टरांनी पत्र दिलं, ते स्कॅन झालं, उलटं स्कॅन झालं, परत गेलं. सहा वाजता टीपीए डेस्क बंद, डिस्चार्ज तयार, मंजुरी नाही, सुई काढलेली, भूक लागलेली, आणि ह्यांना म्हणे डिपॉझिट भरा, नंतर रिफंड. शेवटी भाचा येऊन भांडला तेव्हा काम झालं. त्यावरून एक सांगते, आदल्या दिवशी फोन करून मंजुरीचं पत्र टाकायला लावा आणि रिॲक्शनची नोंद असलेल्या कागदाच्या चार झेरॉक्स जवळ ठेवा. ज्यांच्याकडे पॉलिसी नाही त्यांनी महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या काउंटरला आधी विचारा, त्यात कीमो बसते. बार्शीच्या मावशींचं सगळं त्यातूनच चाललंय आणि गंमत म्हणजे त्यांचे कागद माझ्या आधी सुटतात.

अजून एक तक्रार, पण हिचा स्टार कापत नाही कारण हेतू चांगला आहे. डे केअरच्या दारात घंटा लावलीये. शेवटचा डोस झाला की पेशंट वाजवतो, सगळे टाळ्या वाजवतात, पेढे. तरुण मुलगी वाजवत असेल तर मलाही डोळ्यात पाणी येतं. पण माझ्यासारखीला आता शेवटचा डोस असा नसतोच, आणि त्या घंटेच्या बरोबर खाली माझी नेहमीची खुर्ची. घंटा लिफ्टजवळ हलवा असं मी फीडबॅक फॉर्मवर लिहून दिलं. काउन्सेलर मॅडम भेटायला आल्या, म्हणाल्या तुम्ही फायटर आहात. मी म्हटलं मॅडम, मला फायटर नका म्हणू, मला खुर्ची बदलून द्या. दिली बिचारीने.

रात्रीचा फोन: दहापैकी दहा. कार्डावर नंबर आहे आणि तो खरंच उचलतात. ताप १००.४ च्या वर गेला की क्रोसिन घेऊन झोपायचं नाही, फोन करायचा आणि यायचं, पांढऱ्या पेशी कमी असताना साधा ताप साधा नसतो. मला एकदा रात्री जावं लागलं तर फोनवरच्या मुलीने सांगितलं, कॅज्युअल्टीत पोचल्यावर पहिलं वाक्य "कीमो चालू आहे" हेच बोला, ताप नंतर सांगा. बोलले, आणि रांगेत बसावं लागलं नाही.

जीन टेस्टचं पण लिहायला हवं. पहिल्या वेळी, दुसऱ्या हॉस्पिटलात, बीआरसीए टेस्टबद्दल (कॅन्सरचा धोका वाढवणारा, घराण्यात चालणारा जीनमधला बिघाड आहे का ते बघतात) कुणी चकार शब्द काढला नव्हता. इथे जेनेटिक काउन्सेलरकडे पाठवलं, पॉझिटिव्ह निघाली. त्यामुळे कीमोने आजार आटोक्यात आला की ओलापारिबच्या, म्हणजे आजार दाबून ठेवणाऱ्या आणि हा बिघाड असलेल्यांना जास्त लागू पडणाऱ्या, गोळ्या चालू करायच्या ठरलंय, घरीच घ्यायच्या, रक्त कमी होतंय का बघायला दर महिन्याला सीबीसी. पण मोठी गोष्ट म्हणजे लेकीला आणि बहिणीला बोलावून घेतलं, त्यांच्याशी मॅडम तासभर बोलल्या, घाई नाही केली. हा बिघाड आईबापांकडून मुलांमध्ये यायची शक्यता निम्मी, मुलगा असो वा मुलगी, हे माझ्या भावाला फोनवर समजावताना माझीच दमछाक झाली, त्याला वाटत होतं बायकांचा आजार म्हणजे त्याचा काय संबंध. लेकीने टेस्ट दिलीये, रिपोर्ट यायचाय.

बाकी किरकोळ. कँटीनची इडली खा, उपम्याला डालड्याचा वास येतो. हातातल्या शिरा सापडत नसतील तर पोर्टचं (औषध द्यायला छातीत कातडीखाली बसवतात ते) आधीच विचारा, माझ्या शिरा अजून साथ देतायत. सोमवारी जाऊ नका, शनिवार-रविवारची सगळी गर्दी तेव्हा उसळते, बुधवार बरा. पार्किंग नाही, गेटसमोर रिक्षावाले उभे असतात पण परतीला मीटर टाकत नाहीत, कोपऱ्यावरच्या मेडिकलपर्यंत चालत गेलात तर तिथले टाकतात.