नाशकातला पावसाळा आणि जुनी कॉमिक्स: पिशव्या, पुठ्ठे आणि सिलिका जेल वापरल्यावर

एक अख्खा पावसाळा आणि त्यामागची थंडी, एवढा काळ हा संच वापरात आहे: पॉलिप्रॉपिलीनच्या पारदर्शक पिशव्या, अंकामागे लावायचे ॲसिड-फ्री पुठ्ठे, झाकणाला रबर असलेला प्लास्टिकचा डबा, ओल ओढणारे नारिंगी सिलिका जेलचे दाणे आणि डिजिटल आर्द्रतामापक. आत मराठी इंद्रजाल, अमर चित्र कथा, काही अमेरिकन अंक आणि जपानी मांगा. निकाल आधीच सांगून टाकतो. सामान उत्तम आहे, पण नाशकात ते कोणत्या महिन्यात भरलं यावर सगळं ठरतं. जुलैत बंद केलेली पिशवी कॉमिक वाचवत नाही, ओल आत कोंडून ठेवते.

हिशेब सोपा आहे. इंद्रजाल न्यूजप्रिंटवर छापलेलं, आणि हा कागद हवेतलं पाणी धरतो. ८० टक्के आर्द्रतेत त्यात वजनाच्या साधारण ११-१२ टक्के पाणी असतं, ५० टक्क्यांना ७-८ टक्के. म्हणजे दहा किलो अंकांत पावसाळ्यात तीन-चारशे ग्रॅम जादा पाणी बसलेलं असतं. पाव किलो सिलिका जेल जेमतेम ६०-७० ग्रॅम ओढतं. दमट अंक भरून वर सिलिकाच्या पुड्या टाकल्या की त्या लगेच ओलीने भरून हिरव्या पडतात आणि लोक सिलिका बोगस म्हणून मोकळे होतात. सिलिका कोरडा माल कोरडा ठेवायला आहे, ओला माल वाळवायला नाही.

त्यामुळे भरायचा हंगाम दिवाळीनंतर ते फेब्रुवारी, आणि तोही दुपारी. थंडीतल्या पहाटेला इथे दव असतं, द्राक्षबागा सांभाळणाऱ्यांना ते वेगळं सांगायला नको. अंक उभे करून, पानं किंचित उघडी ठेवून सावलीत दोन-तीन दिवस राहू द्यायचे, पंखा मंद. ऊन दाखवायचं नाही, रंग उडतो आणि कागद अजून पिवळा पडतो. खोलीतली आर्द्रता ५० च्या खाली असताना पिशवी बंद करायची. डब्यात ४० ते ५० राहिली की झालं. ६५ च्या वर बुरशीला रान मोकळं, ३५ च्या खाली जुना कागद कडक होऊन घडीवर तुटतो. म्हणूनच एप्रिल-मेमध्ये, नाशकातली दुपार भाजून काढत असताना, डब्यातलं अर्धं सिलिका काढून ठेवलेलं बरं.

हा आकडा सांगणाऱ्या यंत्रावर मात्र आंधळा विश्वास नको. स्वस्त मापक पाच टक्के इकडेतिकडे दाखवतात. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंब-थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा. मीठ विरघळून जाता कामा नये. झाकण आणि मापक एका झिपच्या पिशवीत हवाबंद करून रात्रभर ठेवा. सकाळी ७५ दिसायला हवेत. ७० दिसले तर पुढे प्रत्येक वेळी पाच मिळवायचे. या संचातली सगळ्यात कामाची वस्तू हीच.

आता पिशव्या. अमेरिकन मापाच्या तयार पिशव्यांत अमर चित्र कथा रुंदीला अडकते आणि मांगा लोळतो. शर्ट-ड्रेस पॅकिंगच्या बीओपीपी पिशव्या जुन्या नाशकातल्या बाजारात घाऊक मिळतात; तेही पॉलिप्रॉपिलीनच. जाडी ४० ते ५० मायक्रॉन बघा, रुंदी अंकापेक्षा सहा-आठ मिलिमीटर जास्त. चिकट पट्टी झाकणावर नको, पिशवीच्या अंगावर असलेली घ्या. नाहीतर अंक बाहेर काढताना मुखपृष्ठ पट्टीला चिकटतं आणि शाईसकट निघतं. दुकानदार सगळ्यालाच पीपी म्हणतो, म्हणून तुकडा कापून पाण्यात बुडवून, बुडबुडे चोळून काढून सोडा. पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिथिन तरंगतात, पीव्हीसी बुडतं. बुडणाऱ्यांत पॉलिएस्टरही असतं, ते खरं तर सर्वांत टिकाऊ आणि महाग. पण बुडालेला तुकडा मऊ असेल आणि नव्या रेनकोटचा वास येत असेल तर ती पिशवी अंकाला लावू नका. पीव्हीसीतला मऊपणा आणणारा पदार्थ झिरपून शाईला चिकटतो.

पुठ्ठ्यांबद्दल तक्रार आहे. एका बाजूने गुळगुळीत असलेले पुठ्ठे ऑगस्टमध्ये धनुकलीसारखे वाकतात, कारण खरखरीत बाजू ओल पिते आणि दुसरी पीत नाही. गुळगुळीत बाजू अंकाकडेच ठेवायची, त्यात बदल नाही. उपाय एकच: अंक डब्यात उभे, एकमेकांना टेकलेले, बोटाने सहज सुटतील इतपत दाटीत. ऐसपैस ठेवलेत तर पुठ्ठ्याबरोबर अंकही वाकतो.

इंद्रजाल १९६४ ते १९९० या काळातलं, त्यामुळे पिना गंजलेल्या असणारच. मधलं पान उघडून बघा: पिनेभोवती तपकिरी वर्तुळ असतं आणि तिथला कागद बोट लावताच भुगा होतो. पीन ओढू नका. आतली दोन टोकं बोथट पट्टीने सरळ करा, मग पाठीकडून अलगद सोडवा. नवी लावायची तर स्टेनलेस स्टीलची, जुन्याच भोकांतून. संग्राहकाला विकायचा अंक असेल तर हात लावू नका, मूळ पीन गेली की किंमत उतरते.

सिलिका नारिंगीच घ्या. निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, ते विषारी. हिरवं पडलं की ओटीजीत (विजेच्या छोट्या भट्टीत) ११० अंशांवर दोन-तीन तास, पातळ थरात. त्याहून जास्त तापवलं तर रंग मरतो आणि पुढे भरलं की रिकामं ते कळत नाही. सुती पुरचुंडीत बांधून डब्याच्या तळाशी ठेवायचं, अंकांना टेकवून नाही.

डबा पश्चिमेच्या भिंतीला लावू नका, पावसाचा मारा तिकडूनच येतो. गोदाकाठच्या जुन्या वाड्यांत तर तळमजल्यावर ठेवूच नका. खोक्याचा पुठ्ठा टाळा, तो ओल धरतो आणि त्यातला डिंक कसरीला आवडतो. डांबराच्या गोळ्याही नकोत, वास कागदातून वर्षानुवर्षं जात नाही.

गुळगुळीत कागदावरच्या नव्या अंकांची पानं ओलीने एकमेकांना चिकटली असतील तर ओढून सोडवू नका. कोरड्या हवेत ठेवून वाट बघा. पंख्याखाली थोडी सुटतात, उरलेल्यांच्या मध्ये बटर पेपरची पट्टी हळूहळू सरकवत जा.