गृहपाठ पायरी-पायरीने सोडवून देणारे ॲप : पाच महिन्यांनंतरचा अनुभव

माझी मुलगी राज्य मंडळाच्या मराठी माध्यमात दहावीला आहे. उदाहरणाचा फोटो काढला की पायऱ्यांसह उत्तर देणारे एक ॲप आम्ही जूनपासून तिच्या गणित-विज्ञानाच्या गृहपाठासाठी वापरत आहोत. बीजगणिताबाबत माझी फारशी तक्रार नाही. वर्गसमीकरणाचे अवयव पाडताना बेरीज १३ आणि गुणाकार ४० येणाऱ्या संख्या, म्हणजे ५ आणि ८, कशा शोधायच्या हे ते नीट उलगडून दाखवते. मात्र प्रश्नात ‘पूर्ण वर्ग पद्धतीने’ असे स्पष्ट म्हटलेले असतानाही पुष्कळदा थेट सूत्र वापरून मोकळे होते, आणि अशाने उत्तर बरोबर असूनही पायऱ्यांचे गुण जातात.

खरा कस लागला तो भिंगांच्या प्रकरणात. २० सेंमी नाभीय अंतराच्या बहिर्वक्र भिंगासमोर ३० सेंमीवर वस्तू ठेवल्यास प्रतिमा कोठे मिळेल, असे उदाहरण होते. ॲपने एकेक पायरी सुबक मांडून १२ सेंमी उत्तर दिले आणि मुलीने ते वहीत उतरवूनही घेतले. किरणाकृती काढायला बसल्यावर मात्र ती अडखळली, कारण वस्तू नाभीच्या पलीकडे, पण दुप्पट नाभीय अंतराच्या आत असेल, तर प्रतिमा दुसऱ्या बाजूला दुप्पट अंतराच्याही पुढे, म्हणजे येथे ४० सेंमीपलीकडे पडायला हवी. कार्टेशियन चिन्ह संकेतानुसार वस्तूचे अंतर उणे ३० घ्यायचे असते. ॲपने ते अधिक धरल्यामुळे १/२० मधून १/३० वजा होण्याऐवजी दोहोंची बेरीज झाली होती. बरोबर उत्तर ६० सेंमी. तेव्हापासून विज्ञानाच्या उदाहरणात आधी आकृती आणि मगच ॲप, असा आमच्याकडे शिरस्ता आहे.

भूमितीत ते सर्वांत कच्चे आहे. पक्ष, साध्य, सिद्धता ही मांडणी त्याला ठाऊकच नसावी, आणि विधानापुढे कारण लिहिण्याचाही त्याला कंटाळा. भाषाही अधूनमधून घसरते : ‘समरूप’ त्रिकोणांना ते ‘सारखे’ म्हणते, जणू ते बाजारातले आंबे आहेत.

एक सोय मात्र मनापासून आवडली. सेटिंगमध्ये जाऊन बदल केला, तर सगळे उत्तर एकदम न उघडता एका वेळी एकच पायरी दिसते. ही सोय शोधायला आम्हाला दोन महिने लागले. सहामाहीनंतर सशुल्क आवृत्ती बंद केली. रोज मोफत मिळणारी मोजकी उदाहरणे आता पुरतात, कारण बहुतेक वेळा ती पहिली पायरी पाहते आणि फोन उलटा ठेवते.