जुनी दुखापत, चाळिशी आणि व्यायाम: मशीन की डंबेल?

तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के स्नायू झिजतात. त्यामुळे वजन उचलायला पर्याय नाही. प्रश्न एवढाच, की गुडघा किंवा खांदा एकदा दुखावलेला असताना सुरुवात कशाने करायची.

मशीनवर वजनाचा मार्ग ठरलेला असतो. तोल सांभाळावा लागत नाही, दुखऱ्या कोनाच्या अलीकडेच थांबता येतं. पहिले काही आठवडे हेच बरं. पण सांधा स्थिर ठेवणाऱ्या छोट्या स्नायूंना तिथे फारसं काम पडत नाही.

डंबेल नेमकं त्यांनाच कामाला लावतात. शिवाय दुबळी बाजू लपत नाही, प्रत्येक हाताला आपलं वजन स्वतःच पेलावं लागतं. दुखावलेल्या खांद्यासाठी तर मी बारबेलपेक्षा (दोन्ही हातांनी धरायच्या लांब दांड्यापेक्षा) डंबेलच सुचवेन: तळवे समोरासमोर, कोपर अंगाजवळ, आणि मग सावकाश वर. मात्र स्नायूंत ताकद लवकर येते, कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारे पट्टे, मागे राहतात. उचलता येतंय म्हणून लगेच वजन वाढवू नका.

माझा कल डंबेलकडेच आहे. गुडघ्याचं मात्र वेगळं: आधी लेग प्रेस (बसून पायांनी वजन ढकलायचं मशीन), मग हातात डंबेल घेऊन खुर्चीवरून ऊठबस. दुसऱ्या दिवशी सकाळी सांधा जास्त दुखला, तर उचलायचं वजन कमी करा. सुजला, तर आधी फिजिओथेरपिस्टला दाखवा.