तीन सिलिंडरच्या गाडीत चार प्लग बसवून घेणारा शहाणा मीच

पंधरा हजार. 12,000 फोनवरून आणि 3,000 रोख, आणि ते रोख आईच्या बटव्यातले. आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे "किती गेले हो?" एवढ्यासाठी कोणाला शेवटपर्यंत वाचायला नको.

हायवेवरचा हा धंदा तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत होता. बाईकवरून दोन पोरं येतात, गाडीकडे बोट दाखवून ओरडतात, आपण थांबलो की दोन मिनिटांवर एक गॅरेज असतंच असतं. गेल्या दिवाळीत आमच्या शाळेतल्या एका सरांना असंच कापलं, तेव्हा स्टाफरूममध्ये मीच ऐटीत म्हणालो होतो, "अहो सर, पण काच खाली करायचीच कशाला?" ते सर हल्ली माझ्याशी फार गोड बोलतात.

तर मी काच का खाली केली, त्याला कारण आहे. पटलं तर पटवून घ्या.

आदल्या रविवारी मी घरीच गाडीचे स्पार्क प्लग बदलले होते. आमची 2014 ची पेट्रोल वॅगनआर, 998 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन. तीन सिलिंडर म्हणजे तीन प्लग, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर ठिणगीसाठी करंट देणारी एक अशा तीन कॉइल. हा तीनचा आकडा लक्षात ठेवा. मी नाही ठेवला. अंबाजोगाईत स्पेअर पार्टच्या दुकानातून तीन प्लग 480 रुपयांना आणले, प्लगचा पाना 220 चा. प्लग बसतात ते इंजिनचं हेड अॅल्युमिनियमचं, गरम असताना प्लग काढले तर आटे जायची भीती, म्हणून इंजिन गार व्हायला दोन तास थांबलो. प्लगच्या खड्ड्यात साचलेली धूळ आधी सायकलच्या पंपाने उडवली, नाहीतर ती सरळ सिलिंडरमध्ये उतरते. कॉइलची अदलाबदल होऊ नये म्हणून बायकोची नेलपॉलिश घेऊन त्यांच्यावर लाल ठिपके दिले: पहिल्या कॉइलवर एक, दुसरीवर दोन, तिसरीवर तीन. सातवीतला मुलगा बॅटरी धरून शेजारी उभा. जुने प्लग छान करड्या-तपकिरी रंगाचे निघाले, म्हणजे इंजिनची तब्येत ठीक. नवे आधी नुसत्या हाताने फिरवत उतरवले, वायसर टेकल्यावर पान्याने अर्ध्याहून थोडा जास्त फेरा दिला. गाडी चालू केली तर थडथडायला लागली. छातीत धस्स झालं. मुलानेच दाखवलं की मधल्या कॉइलचं कनेक्टर "टक्" वाजलेलं नाही. ते दाबलं, इंजिन लोण्यासारखं.

एवढं सगळं नीट केलं, पण नेमक्या ठरलेल्या जोराने आवळता येतं तो टॉर्क पाना माझ्याकडे नव्हता. रात्री झोपताना मनात पाल चुकचुकलीच. जास्त आवळला की कमी? त्या भामट्यांच्या हाताला नेमकी तीच पाल लागली.

मंगळवारी आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे संभाजीनगरला न्यायचं होतं. वेळ साडेबाराची, मिळाली होती दीड महिन्याने. मे महिना. सकाळी निघून केज, मांजरसुंबा करत बीड मागे टाकलं, पुढे एका हॉटेलवर दहा मिनिटं चहाला थांबलो. भामट्यांनी इंजिनवर ऑइल तिथेच टाकलं असणार. तिथून सहा-सात किलोमीटरवर बाईक आली.

"ओ सर! बोनेटमधून धूर निघायलाय! ठिणग्या उडायल्यात आत!"

ठिणग्या. दोन दिवसांपूर्वी स्वतःच्या हाताने ठिणगीचंच सामान बदललेल्या माणसाला ठिणगी ऐकल्यावर दुसरं काय सुचणार? थांबलो. बोनेट उघडलं तर थोडा धूर आणि जळक्या ऑइलचा वास. आता शांत डोक्याने सांगतो: प्लग बिघडला तर गाडी धक्के खाते, पिकअप जातो, पेट्रोल जास्त पिते. प्लगमुळे बोनेटखाली वरून ऑइल सांडत नाही. गरम इंजिनवर कोणीही चमचाभर ऑइल टाकलं की धूर येतोच. फडक्याने पुसायचं, पाच मिनिटं बघायचं, पुन्हा आलं नाही तर निघायचं. मी मात्र म्हणालो, "जवळपास मिस्त्री आहे का कोणी?"

होता की. पत्र्याचं शेड, बाहेर निंबाखाली बाज, माठ. जागेचं नाव लिहीत नाही, त्या पट्ट्यात प्रामाणिक गॅरेजवालेही आहेत, त्यांच्या पोटावर पाय नको. आईला बाजेवर बसवलं, "आजी, गार पाणी घ्या", मुलाला बिस्किटाचा पुडा. मिस्त्रीने बोनेटमध्ये डोकावून पहिला प्रश्न विचारला, "प्लगचं काम कुठं केलं, सर?" बोल्टवरचे पान्याचे ताजे चरे दिसले असतील, दुसरं काय. पण मला वाटलं, काय जाणकार माणूस आहे.

म्हणालो, "घरीच केलं."

"घरी? अरारारा."

त्या एका अरारारावर माझे पंधरा हजार गेले. मग तो आत वाकला, मला म्हणाला स्टार्टर मारा. मारला तर गाडी थडथडायला लागली आणि डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला. अंबाजोगाईपासून शंभरेक किलोमीटर जी गाडी कुरकुरली नाही, ती याचा हात लागल्यावर थडथडते. कनेक्टर उपसलं होतं, बस. रविवारी हीच थडथड मी माझ्या दारात ऐकली होती! तरी डोक्यात प्रकाश पडला नाही, कारण डोक्यात आधीच ठरलं होतं की चूक माझी आहे.

"बसा सर आत, ऊन लई हाय." शेडमध्ये नेऊन मोबाइलवर कुठल्यातरी जळून कोळसा झालेल्या गाडीचा फोटो दाखवला. गाडीचं तोंड पलीकडे. बारा मिनिटांत काम झालं. उकळत्या इंजिनवर बारा मिनिटांत प्लग आणि कॉइल! मी रविवारी नुसता गार व्हायला दोन तास थांबलो होतो.

मग बिल. साध्या पॅडवर, ना दुकानाचं नाव, ना जीएसटी नंबर. "कॉइल 4, दर 2,150, 8,600. प्लग 4, दर 650, 2,600. ईसीएम प्रोग्रामिंग 3,500. मजुरी 1,200. एकूण 15,900." ईसीएम म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, आणि ते प्रोग्रामिंग म्हणजे स्टिअरिंगखाली हाताएवढा स्कॅनर लावून दिवा घालवणं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवतो. बिल हातात घेतलं आणि सवयीने बेरीज तपासली. बेरीज बरोबर होती. समाधान वाटलं, खोटं कशाला बोलू.

मुलगा माझ्या कोपराखालून बिल वाचत होता. म्हणाला, "बाबा, आपल्या गाडीत तर तीनच आहेत ना?"

या वाक्यापाशी मी रोज रात्री येऊन थांबतो. पोरगं चाचरत नव्हतं, स्वच्छ बोललं. मिस्त्रीच्या हातातलं फडकं थांबलं, हे मी पाहिलं. बाईकवाल्या पोराने मान वळवून रस्त्याकडे बघितलं, हेही पाहिलं. दोन सेकंद होती माझ्या हातात. नुसतं "हो रे, चार कुठे बसवले दाखवा बरं" म्हणालो असतो, तरी विषय संपला असता. मी काय म्हणालो? "मोठी माणसं बोलताना मध्ये बोलू नको. गाडीत जाऊन बस." फळ्यावर तीनच्या जागी चार लिहिणाऱ्या पोराला मी उभं करतो. इथे बरोबर सांगणाऱ्याला उन्हात तापलेल्या गाडीत पाठवलं. मिस्त्री हसून म्हणाला, "हुशार हाये पोरगं. आजींकडं बघून पंधरा द्या."

खात्यात बारा होते, पगार व्हायचा होता. पैसे पाठवताना स्क्रीनवर एका बाईचं नाव आलं. विचारलं तर म्हणे घरची. बाकीचे तीन आईने बटव्याची गाठ सोडून दिले, थेंबांच्या औषधाचे.

लोक म्हणतात शिकलेला माणूस कसा फसतो. या हो, मेच्या उन्हात चौऱ्याहत्तर वर्षांची आई, एका डोळ्याला पट्टी, डॉक्टरांची वेळ टळत चाललेली, आणि गाडी पेटेल म्हणून कोणी सांगतंय, अशा वेळी तुम्ही उभे राहून दाखवा. बायको सोबत असती तर हे झालं नसतं, असं तीच म्हणते. खरं असेल.

रात्री घरी येऊन बोनेट उघडलं. बॅटरीच्या उजेडात तीन कॉइल, त्यांच्यावर एक, दोन, तीन लाल ठिपके. माझ्याच कॉइल. सकाळी गार इंजिनवर प्लग काढून पाहिले, माझेच 480 चे, अजून चकचकीत. "जुने पार्ट द्या" म्हटल्यावर मोठ्या दिमाखाने दिलेली पिशवी तेव्हा उघडली. त्यात चार काळेकुट्ट, तेलकट प्लग. दोन दिवस चाललेला प्लग इतका काळा होत नाही. त्यातल्या एकाचे आटे इतके आखूड की तो चारचाकीचाच नव्हे, कुठल्यातरी मोटारसायकलचा. म्हणून जुने पार्ट मागा, पण मागून पिशवीत टाकू नका. तिथेच, त्याच्यासमोर उघडून मोजा.

आता दुसरी लूट. त्यात पैसे गेले नाहीत, चार किरकोळ रजा गेल्या.

1930 ला, म्हणजे ऑनलाइन फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला, तक्रार नोंदवली, क्रमांक मिळाला. हे ताबडतोब करायचं असतं, मी दुसऱ्या दिवशी दुपारी केलं, तोवर काय राहणार. बँकेतल्या साहेबांनी मान वर न करता विचारलं, "पिन कोणी टाकला?" मी. "मग तुमचाच व्यवहार आहे." गेलो ठाण्यात. तिथल्या जमादाराचाही पहिला प्रश्न पिनचाच. दुसरा प्रश्न: "बिल दिलंय ना त्यानं?" दिलंय. "मग फसवणूक कशी? जास्त पैसे घेतले म्हणा. ग्राहक मंचात जा." मी म्हटलं, साहेब, एकही पार्ट बदललेला नाही, गाडी दारात उभी आहे, बोनेट उघडून दाखवतो, गाडीला तीन सिलिंडर आणि बिलात चार प्लग. तर म्हणाले, "ते टेक्निकल आम्हाला कळत नसतंय." तीन आणि चार यात टेक्निकल काय आहे, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही. अडीच तास बाकावर बसवून मग शोध लागला की ते शेड त्यांच्या हद्दीत येतच नाही. गेलो शेजारच्या ठाण्यात. ते म्हणाले, नाल्याच्या अलीकडे का पलीकडे? अलीकडे असेल तर पहिल्यांकडेच. मी नाला बघितला नव्हता हो! परत येताना गाडी थांबवून बघितला. अलीकडेही नाला, पलीकडेही नाला, मध्ये शेड, आणि शेडला कुलूप.

घरी येऊन कायदा वाचला. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173, 1 जुलै 2024 पासून लागू: दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द न बघता कोणत्याही ठाण्याने घ्यायची आहे. फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम 318. ठाण्याने नाकारलं तर लेखी तक्रार पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवता येते. तिसऱ्या खेपेला कलम वाचून दाखवलं तर ऐकावं लागलं, "सर, तुम्ही शाळेत शिकवा की." शेवटी साध्या कागदावर अर्ज घेतला, पोच द्यायला तयार नाहीत. पोच मिळेपर्यंत उठलो नाही. एक शिक्का मिळाला, त्यावरची तारीख पुसट. अर्ज चौकशीवर ठेवला आहे म्हणे. ती चौकशी कुठे बसली आहे, ते विचारायला पुन्हा एक रजा.

ग्राहक आयोगाचंही पाहिलं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, दोन वर्षांच्या आत. सगळं छान. पण समोरच्याचं नाव काय लिहू? "निंबाखालचा मिस्त्री"? म्हणून सांगतो, पैसे देण्याआधी शेडचा, बोर्डाचा, माणसाचा आणि बाईकच्या नंबरचा फोटो काढा. नंबरप्लेट मोडकी दिसली तर तिथूनच निघा. महामार्गावर खरोखर गाडी अडली तर 1033, भीती वाटली तर 112. आणि बोनेट उघडून कोणी वाकला की तुम्हीही वाका. खुर्ची, सावली, गार पाणी काही घेऊ नका.

घरी प्लग बदलणं सोडू नका, त्यात काही अवघड नाही. मी टॉर्क पाना घेतला, 1,850 रुपयांचा. तपासलं तर तिन्ही प्लग बरोबर आवळलेले होते.

मुलाला मी अजून नीट काही बोललेलो नाही. गुरुवारी परत ठाण्यात जायचं आहे. बिल, पिशवीतले चार काळे प्लग आणि शिक्का मारलेला अर्ज घेऊन जाणार आहे, आणि या वेळी त्यालाही नेणार आहे. तीन की चार, ते साहेबांना तोच सांगेल.