स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाचा लॅपटॉप: तेरा महिन्यांचा अनुभव आणि एका पंख्याची तक्रार

गेल्या महिन्यात माझ्या लॅपटॉपचा डावा पंखा आधी घरघरू लागला आणि आठवड्याभरात बंदच पडला. एका वर्षाची वॉरंटी संपून तेव्हा बावीस दिवस झाले होते. सेवा केंद्रात सांगण्यात आले की पंखा सुटा मिळत नाही. दोन्ही पंखे आणि उष्णता वाहून नेणाऱ्या तांब्याच्या नळ्या असा अख्खा संच बदलावा लागेल आणि त्याचे ७,८०० रुपये होतील. मी तो अंदाजपत्रकाचा कागद घडी करून खिशात घातला, मशीन परत घेतले आणि बुधवार पेठेतल्या एका कारागिराकडे दिले. त्याने पंखा मागवून १,५०० रुपयांत बसवून दिला. म्हणजे सुटा पंखा मिळत होता.

पंखा येईपर्यंतचे अकरा दिवस मी पत्नीच्या लॅपटॉपवर काम केले, आणि हा मजकूर लिहिण्याचे खरे कारण ते अकरा दिवस आहेत. तिच्या मशीनमध्ये इंटेलचा अकराव्या पिढीचा आय-५ प्रोसेसर असून ग्राफिक्स, म्हणजे पडद्यावरचे चित्र तयार करणारा भाग, त्यातच अंतर्भूत आहे. माझ्याकडे त्यासाठी चार जीबी स्मृतीचे आरटीएक्स ३०५० हे स्वतंत्र कार्ड आहे, ज्यासाठी मी जवळपास चौदा हजार रुपये जास्त मोजले होते. माझे काम टॅली, एक्सेल, ब्राउझरचे वीस-पंचवीस टॅब, दिवसाकाठी दोन ऑनलाइन बैठका आणि रात्री एखादा जुना चित्रपट एवढेच. मी गेम खेळत नाही. दुकानदार ‘पुढची पाच वर्षे बघायला नको’ म्हणाला आणि मी मान डोलावली. अकरा दिवसांत मला कुठेही अडखळल्यासारखे वाटले नाही. व्हिडिओ उलगडण्याचे काम प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सचा एक वेगळा भागच करतो, आणि यूट्यूब वापरते ते एव्ही-१ हे व्हिडिओचे स्वरूपही या पिढीपासून त्याला थेट उलगडता येते, हे मला तेव्हा कळले.

त्या भरात मी ‘स्वतंत्र कार्ड म्हणजे पैशांचा चुराडा’ अशा थाटाचा मजकूर लिहूनही ठेवला होता. तो आता अर्धा मागे घेतो. कारण माझ्या लॅपटॉपमध्येही अंतर्भूत ग्राफिक्स आहेच, आणि साध्या कामाच्या वेळी पडदा तेच चालवते. जड काम आले तरच मोठे कार्ड जागे होते आणि आपले चित्र अंतर्भूत ग्राफिक्सच्या हवाली करते. ऑप्टिमस नावाची ही व्यवस्था २०१० पासून आहे. मग माझ्या टॅलीसाठी वर्षभर पंखे का फिरत होते?

उत्तर एका भोकात सापडले. माझ्या टेबलावर बाहेरचा मॉनिटर आहे आणि तो एचडीएमआय केबलने जोडलेला होता. या मॉडेलमध्ये एचडीएमआयची जोडणी थेट मोठ्या कार्डाकडे नेलेली आहे. त्यामुळे मॉनिटर जोडला की कार्डाला झोपताच येत नाही, मग पडद्यावर नुसता कोरा एक्सेल तक्ता का असेना. टास्कबारवर कार्डाची हालचाल दाखवणारे लहानसे चिन्ह असते. ते उघडल्यावर त्यात एकही प्रोग्रॅम नव्हता, फक्त जोडलेला डिस्प्ले दिसत होता. टास्क मॅनेजरमध्ये कार्डाचा वापर दोन टक्के आणि तापमान ५६ अंश. यूएसबी-सी पोर्ट मात्र माझ्या मशीनमध्ये अंतर्भूत ग्राफिक्सकडे जातो. ९०० रुपयांची यूएसबी-सी ते डिस्प्लेपोर्ट केबल आणली, मॉनिटर तिच्यावर घेतला आणि पाच-सात मिनिटांत दोन्ही पंखे शांत झाले. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक मला या खोलीत प्रथमच ऐकू आली. ही गोष्ट खोक्यावर, माहितीपत्रकात किंवा दुकानात कोणीही सांगितली नाही, याचा राग अजून गेलेला नाही; कोणता पोर्ट कोणाकडे जातो हे एका ओळीत छापायला काय हरकत होती?

पत्नीच्या मशीनबाबतही एक दुरुस्ती करायला हवी. त्यावरच्या स्टिकरवर ‘आयरिस एक्सई’ (इंटेलच्या अंतर्भूत ग्राफिक्सचा वेगवान प्रकार) असे असूनही डिव्हाइस मॅनेजरमध्ये साधे ‘यूएचडी ग्राफिक्स’ दिसत होते. अंतर्भूत ग्राफिक्सला स्वतःची स्मृती नसते, ते मुख्य रॅमच वापरते, आणि त्या मशीनमध्ये आठ जीबीची एकच पट्टी होती. तेवढीच दुसरी पट्टी बसवली आणि मशीन सुरू करताच नाव बदलून ‘आयरिस एक्सई’ झाले, कारण दोन पट्ट्यांमुळे रॅमकडून माहिती येण्याचा मार्ग दुप्पट रुंद होतो. रोजच्या वापरासाठी लॅपटॉप घेणाऱ्याने चौदा हजारांच्या कार्डाऐवजी या दुसऱ्या पट्टीवर पैसे घालावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

तरीही कार्डाची बाजू मांडायला हवी. वास्तुरचनेचे शिक्षण घेणारी भाची दिवाळीत आली तेव्हा तिने ब्लेंडर या त्रिमितीय चित्रे बनवण्याच्या सॉफ्टवेअरमधले एकच दृश्य दोन्ही मशीनवर लावून पाहिले. माझ्या मशीनवर ते नऊ मिनिटांत तयार झाले. पत्नीच्या मशीनवर सगळा भार प्रोसेसरवर पडला आणि जेवण, भांडी, शतपावली उरकून आलो तरी काम चालूच होते. भाचीला हेच मशीन हवे आहे. मी किंमत अजून सांगितलेली नाही.

तोवर ते माझ्याच टेबलावर आहे. एचडीएमआयच्या भोकावर मी चिकटपट्टी लावली आहे, कारण घरातले कोणी ना कोणी सवयीने जुनी केबल तिथेच खोचते.