नऊ महिने, पाच अल्बम: सावकाश ऐकल्यानंतरचा अनुभव

गेल्या दिवाळीनंतर मी स्वतःला एक नियम घालून घेतला. प्रायोगिक आणि उत्स्फूर्त संगीताचे नवनवे अल्बम शोधत बसायचे नाही; पाचच निवडायचे आणि ते अंगात मुरेपर्यंत ऐकायचे. त्याआधीची दोन वर्षे मी ‘हे शंभर ऐकलेच पाहिजेत’ अशा याद्यांच्या मागे घालवली होती, आणि त्या शंभरांतली एक ओळही मला गुणगुणता येत नव्हती. आता नऊ महिने झाले आहेत. ज्यांचा कान रागसंगीतावर तयार झाला आहे आणि त्यापलीकडे काय आहे याची ज्यांना खरी उत्सुकता आहे, त्यांच्यासाठी हा अनुभव लिहीत आहे.

सुरुवात ‘हम दोनो’पासून केली, आणि तीच करावी असे आता खात्रीने सांगेन. हा अल्बम १९६९ मध्ये लंडनला झाला. मुंबईत जन्मलेले, मूळचे गोव्याचे गिटारवादक अमान्सिओ डिसिल्वा आणि जमैकाहून इंग्लंडला गेलेले सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांचा हा संवाद आहे. पहिल्या आठवड्यात मला तो नुसता गोड वाटला. नंतर लक्ष गेले ते नॉर्मा विन्स्टन यांच्या आवाजाकडे. त्या शब्द गातच नाहीत, नुसत्या ‘आ’काराने गातात, आणि गिटार व सॅक्सोफोन यांच्यामध्ये तिसऱ्या वाद्यासारख्या उभ्या राहतात. आकारातली आलापी ऐकत वाढलेल्या माणसाला इथे काहीही समजावून सांगावे लागत नाही. ‘बॅलड फॉर गोवा’ ही रचना मी बहुतेक रविवारी सकाळी ऐकत आलो आहे. डिसिल्वांचा ‘कोंकण डान्स’ हा आणखी एक अल्बम १९७२ मध्ये ध्वनिमुद्रित होऊनही २००६ पर्यंत बाहेर आला नाही, हे कळल्यावर मला फार वाईट वाटले. एवढ्या तोलामोलाच्या कलावंताचे नाव आपल्याकडे किती जणांना ठाऊक आहे?

‘कोंकण डान्स’मध्ये तबला केशव साठे यांचा आहे. त्या नावाचा माग काढत मी १९६७ च्या ‘जॅझ मीट्स इंडिया’कडे वळलो. स्विस पियानोवादक इरेन श्वाइट्झर यांचा त्रिकूट-वाद्यमेळ आणि सतारवादक देवान मोतिहार यांची मंडळी जर्मनीतल्या फिलिंगेन या गावी एकत्र बसून वाजवतात. शेवटच्या रचनेच्या नावात गंगेच्या जोडीला ब्रिगाख आहे. ती त्याच गावातून वाहणारी छोटी नदी. या अल्बममध्ये सगळीकडे सांधा जुळतो असे नाही, आणि काही ठिकाणी दोन मैफली शेजारशेजारच्या खोल्यांत चालल्यासारख्या वाटतात. तरीही पियानो मोकाट सुटलेला असताना साठ्यांचा तबला ज्या शांतपणे जमीन धरून ठेवतो, त्यासाठी मी हा अल्बम पुन्हा पुन्हा लावला. गवयाने कितीही लांब उडी घेतली तरी ठेका सोडायचा नाही, ही आपल्या साथीदारांची शिस्त परक्या मैफलीत ऐकताना तिची किंमत जास्त कळते.

चरणजित सिंग यांच्या १९८२ च्या अल्बमबद्दल थोडक्यातच लिहितो, कारण अलीकडे त्यावर बरेच बोलले गेले आहे. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवणाऱ्या या मुंबईकर वादकाने रोलंड कंपनीच्या तीन इलेक्ट्रॉनिक वाद्ययंत्रांवर, डिस्कोच्या ठोक्यावर दहा राग वाजवले. त्या वेळी अल्बम फारसा खपला नाही; २०१० मध्ये तो पुन्हा निघाला, तेव्हा शिकागोत पुढे जन्मलेल्या नृत्यसंगीताशी असलेले त्याचे साम्य ऐकून जगभरचे लोक थक्क झाले. मला स्वतःला त्या साम्यापेक्षा यंत्रातली घसरण महत्त्वाची वाटते. त्या तिन्हींतल्या टीबी-३०३ या यंत्रात एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकत जाण्याची सोय आहे, आणि मींड कानात बसलेल्या वादकाच्या हाती ते यंत्र आले, ही मला मोठी भाग्याची गोष्ट वाटते. ललत आणि तोडी आधी ऐकावेत. सगळा अल्बम सलग ऐकल्यास मात्र एकाच ठोक्याचा शीण येतो.

चौथा अल्बम सर्वांत अवघड गेला. ‘एएमएम म्युझिक’ हा लंडनच्या एएमएम या गटाने १९६६ मध्ये केलेला अल्बम. त्यात सूर, ताल, पुढारी वादक असे काही हाताला लागत नाही. गटातल्या कीथ रो यांनी गिटार टेबलावर आडवी ठेवून तिच्या तारांवर निरनिराळ्या वस्तू फिरवल्या आहेत, आणि मधूनच ट्रान्झिस्टरवरचे बोलणे वर येऊन पुन्हा बुडते. दोन महिने मी तो हेडफोन लावून ऐकला आणि प्रत्येक वेळी अर्ध्यावर सोडला. जुलैत एका दुपारी तो स्पीकरवर लावला. गॅलरीवरच्या पत्र्यावर पाऊस सुरू झाला, शेजारी कुकरची शिट्टी झाली, आणि काही क्षण कोणता आवाज अल्बममधला व कोणता घरातला हे मला सांगता येईना. खिडकी लावायला उठलो होतो तो तसाच उभा राहिलो. या संगीताला बंद कानांची नव्हे, उघड्या खोलीची गरज आहे, असे माझे मत झाले आहे. तरीही पहिला अल्बम म्हणून हा कोणाच्याही हाती देऊ नये.

पाचवा अल्बम डेरेक बेली यांचा ‘कार्पल टनेल’, म्हणजे मनगटातली नस दबण्याचे दुखणे. शेफील्डमध्ये १९३० साली जन्मलेल्या या गिटारवादकाने आयुष्यभर ठरीव चालीविना वाजवण्याचा ध्यास घेतला. उत्स्फूर्त वादनावर त्यांनी लिहिलेल्या पुस्तकाची सुरुवातच भारतीय संगीतापासून होते. उतारवयात ते बार्सिलोनाला राहत असताना त्यांचा उजवा हात असा गेला की तार छेडायची नखी धरता येईना. शस्त्रक्रियेऐवजी त्यांनी अंगठ्याने छेडत वाजवण्याची वाट शोधली आणि त्या शोधाचेच ध्वनिमुद्रण केले. पहिल्या तुकड्यात ते वाजवता वाजवता हे सारे आपल्या आवाजात सांगतात. पुढच्या तुकड्यांची नावे तीन, पाच, सात, नऊ आणि बारा आठवड्यांनंतर अशी आहेत.

पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला केवळ तुटक टणत्कार ऐकू आले. पुढे मी एक साधा प्रयोग केला. त्यांच्या वेळापत्रकाप्रमाणेच तुकडे ऐकायचे: तिसऱ्या आठवड्याचा तुकडा ऐकल्यावर दोन आठवडे थांबून पाचव्याचा लावायचा. या अंतराने कान बदलला. तिसऱ्या आठवड्यात प्रत्येक स्वर चाचपडत, जणू पायरी शोधत येतो. पुढे पुढे स्वरांमधल्या मोकळ्या जागाच बोलू लागतात, आणि अंगठ्याच्या मांसल स्पर्शाने तारेला जो बोथट, ऊबदार नाद येतो तो ओळखीचा होतो. आजाऱ्याची हळहळ त्यात कुठेही नाही. एक माणूस रोज रियाजाला बसला आहे, एवढेच ऐकू येते. अल्बम २००५ मध्ये निघाला आणि त्याच वर्षी नाताळच्या दिवशी बेली गेले.

ज्यांना थेट इथे येणे जड वाटेल त्यांनी बेलींचाच २००२ चा ‘बॅलड्स’ आधी ऐकावा. त्यात ते जुन्या जॅझ गीतांची चाल बंदिशीसारखी मांडतात, तिच्यातून हळूहळू बाहेर पडतात आणि कधीकधी परत येतात. मुखडा कानावर असला की पुढची भटकंती परकी वाटत नाही.

बारा आठवड्यांचा तुकडा मी आतापर्यंत चारदा ऐकला आहे. पाचव्यांदा ऐकण्याआधी तिसऱ्या आठवड्यापासून पुन्हा सुरुवात करणार आहे, आणि या वेळी थांबण्याचे दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहून ठेवले आहेत.