बीअरच्या किटमध्ये दुधाचा लॅक्टोमीटर: माझे १४,२५० रुपये गेले

आधी आकडे. किटचे ६,८५०. ‘माल कस्टममध्ये अडकलाय’ म्हणून २,४००. शेवटचे ५,००० का दिले ते पुढे येईलच. घरी मी फक्त पहिला आकडा सांगितलाय.

मी रोजचा पिणारा नाही. पुण्याला भावाने मायक्रोब्रुअरीत नेलं होतं, तेव्हापासून घरी बीअर करायची ही खाज. दोन महिने नुसतं वाचत होतो. माल्ट एक्स्ट्रॅक्ट म्हणजे बार्लीचा काकवीसारखा घट्ट अर्क, १.७ किलोचा डबा. त्यात किलोभर साखर आणि पाणी घालून २३ लिटर होतं, यीस्टची पुडी झाकणाखालीच असते. डब्यात दारूचा थेंब नसतो. इंस्टाग्रामवर पेज सापडलं. फोटो चकाचक, कमेंट बंद. (कमेंट बंद असलेल्या पेजवरून चमचासुद्धा घेऊ नका.)

मे महिना होता. मी विचारलं, इंदूरला पारा चाळिशीच्या वर आहे, या यीस्टला तर विशीच्या आसपास लागतं, मग कसं करायचं? लगेच उत्तर आलं: ‘नो टेंशन सर, किसी भी टेम्परेचर में चलेगा.’

ज्याने आयुष्यात एकदा तरी बीअर आंबवली आहे तो हे वाक्य बोलूच शकत नाही. आणि मला ते माहीत होतं! उकाड्यात यीस्ट बिथरतं, बीअरला नेलपॉलिशसारखा वास मारतो, हे मीच मित्राला मोठ्या तोऱ्यात समजावलं होतं. तरी मी काय केलं? अंगठा पाठवला. तो अंगठा अजून चॅटमध्ये आहे. रात्री झोप आली नाही की उघडून बघतो.

क्यूआरवर दुकानाचं नाव होतं, पैसे गेले कुणा भलत्याच माणसाच्या खात्यात. पिन टाकण्याआधी स्क्रीनवरचं नाव वाचा. आणि कस्टमची ड्यूटी व्हॉट्सअॅपवर दुकानदाराला भरायची नसते, हे माझ्यासारख्या शिकल्यासवरल्या माणसाला कळायला हवं होतं.

डबा आला. स्वयंपाकघरातल्या काट्यावर पत्र्यासकट १,१८० ग्रॅम भरला. झाकणाखाली बेकरीच्या यीस्टची पुडी, आत गुळाच्या वासाची काकवी. हायड्रोमीटर (बीअर किती आंबली ते मोजायचं साधन) म्हणून काचेची नळी होती, ती आईने चष्मा लावून पाहिली. “अरे, हा तर दूधवाल्याचा लॅक्टोमीटर!” वर एम आणि डब्ल्यू लिहिलेलं, म्हणजे दूध आणि पाणी.

तक्रार करतो म्हटल्यावर त्याचा मेसेज: ‘करो. घर में शराब बनाने का सामान मंगाया है, एड्रेस मेरे पास है. पांच हजार भेजो, नहीं तो आबकारी को फोन.’ हसू नका. माझी सरकारी नोकरी आहे. आपल्याकडे मध्य प्रदेशात परवान्याशिवाय दारू गाळणं काय आणि बीअर करणं काय, आबकारी कायद्याच्या कलम ३४ मध्ये दोन्ही येतात. मी फक्त डब्याचा वास घेतला होता, पण रात्री साडेअकराला हा मुद्दा सुचत नाही. धंदा याच भीतीवर चालतो. दमदाटी आली की चॅट पुसू नका आणि एक पैसा देऊ नका.

थान्यात चार चकरा झाल्या. पहिल्यांदा साहेब नव्हते. दुसऱ्यांदा, “बियर? घर में? भिया, लायसेंस है?” आणि सगळी खोली खो-खो हसली. तिसऱ्यांदा सांगितलं, अर्जातला ‘बियर’ शब्द काढा. काढला, ‘खाद्य सामग्री’ लिहिलं. चौथ्यांदा तोच माणूस म्हणतो, “खाद्य सामग्री? फिर तो कंज्यूमर फोरम जाओ.” बँकेने तर एका वाक्यात मोकळं केलं: पिन तुम्हीच टाकलाय. दमदाटीच्या पाच हजारांचा विषय कुणी ऐकूनच घेतला नाही, जणू ते मी हौसेने दिले.

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, पहिल्या तासातच फोन करायचा असतो. मी अकराव्या दिवशी केला, लाजेपायी. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५, आणि आपल्या राज्याचा आबकारी कायदाही १९१५ चाच. माझी तक्रार या दोन १९१५ च्या मधे चेपली गेली.

पेज आता नाव बदलून वाइनचं किट विकतंय. किंमत तीच, ६,८५०. फोटो मोठा करून बघा, नळीवरचा डब्ल्यू स्पष्ट दिसतो.